थाळीतली स्पॅनिश : एक वर्ग-अनुभव



मागच्या उन्हाळी सुट्टीत मी मोबाईलवर स्पॅनिश शिकायला सुरुवात केली. कारण फार मोठं नव्हतं. भाचीच्या मोबाईलवर ते ॲप पाहिलं, गंमत वाटली, आणि मीही घेतलं. संध्याकाळी स्वयंपाक करता करता रोज पंधरा मिनिटं. पहिल्या आठवड्यात आलेले शब्द सगळे खाण्यापिण्याचे होते. पाणी म्हणजे आग्वा, दूध म्हणजे लेचे, मीठ म्हणजे साल, पाव म्हणजे पान. मी ओट्याशी उभी असल्यामुळं हे शब्द लगेच त्या त्या डब्याला चिकटले. मिठाच्या बरणीत हात घातला की 'साल' आठवायचं. रंगांची आणि वारांची नावं मात्र आजही मला नीट येत नाहीत, कारण ती मी नुसती पाठ केली होती.

जून महिन्यात शाळा सुरू झाली, तेव्हा वाटलं की हे मुलांबरोबर करून बघावं. आमची शाळा इंदापूर तालुक्यातली, वस्तीवरची, दोन शिक्षकी. मी बारामतीहून जाऊन-येऊन करते. माझ्याकडं तिसरी-चौथीचा वर्ग आहे. त्या अनुभवातलं काय जमलं आणि काय फसलं ते इथं लिहिते आहे.

आधी उच्चार

मला सगळ्यात पहिला आनंद झाला तो बाराखडीचा. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. अक्षर दिसलं की उच्चार ठरलेला. इंग्रजीसारखं लिहायचं एक आणि वाचायचं दुसरं असं फारसं नाही. त्यांचे 'त' आणि 'द' आपल्यासारखे दातांना जीभ लावून होतात. टोमॅटोला ते 'तोमाते' म्हणतात. म्हणजे आपली मुलं देवनागरीत लिहिलेला शब्द वाचतील तेव्हा उच्चार जवळपास बरोबरच येईल.

आणखी एक गंमत. वर्णमाला शिकवताना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ञ कशाला असतो? ञ चा एकपण शब्द नाही." मी आजवर "असतो रे" म्हणून पुढं जात होते. स्पॅनिशमध्ये हा आवाज पावलोपावली आहे. ते 'न' च्या डोक्यावर एक लाट काढतात. अननस म्हणजे 'पिञा', ऊस म्हणजे 'काञा'. आपण सोयीसाठी पिन्या, कान्या असं म्हणू. पण ञ ला एकदाचं काम मिळालं याचा मुलांना फार आनंद झाला.

शब्द आणि हशा

पहिल्या दिवशी मी चूक केली. पंचवीस शब्दांचा मोठा तक्ता करून भिंतीवर लावला. मुलांनी एकदा पाहिला आणि विसरून गेली. मग मी तक्ता काढला आणि आठवड्याला फक्त पाच शब्द घेतले, तेही मुलांना हसू येईल असे.

साल म्हणजे मीठ. आपल्याकडं साल केळाची.
सोपा म्हणजे सूप. "सोपा सोपा असतो का मॅडम?"
लेचे म्हणजे दूध. "दूध पिणारा लेचापेचा कसा?"
आहो म्हणजे लसूण. (स्पेनमध्ये हा 'ह' घशातून, जवळजवळ 'ख' सारखा येतो. लॅटिन अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी साधा 'ह'.) एका मुलीनं घरी जाऊन आईला सांगितलं, "तू पप्पांना लसूण म्हणतीस."
ऊवा म्हणजे द्राक्ष. अनेकवचन उवास. यावर वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

द्राक्षं आपल्या बारामती-इंदापूरच्या बागांतली, त्यामुळं तो शब्द कुणी विसरलं नाही. मी त्यांना सांगितलं, स्पेनमध्ये 31 डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर एकेक करून बारा द्राक्षं खायची पद्धत आहे. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "आमच्यात बारा कोण खाईल? घड उचलतेत."

काही शब्द फसवतात, तेही दाखवले. 'पावो' म्हणजे पाव नव्हे, टर्की नावाचा मोठा पक्षी. 'बाताता' म्हणजे बटाटा नव्हे, रताळं! बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' आणि लॅटिन अमेरिकेत 'पापा' म्हणतात. म्हणजे तिकडच्या बाजारात जाऊन आपल्या भरवशावर 'बाताता' मागितला तर पिशवीत उपवासाचा पदार्थ पडेल.

वाक्य आपल्यासारखं

पाच-सहा आठवड्यांनी एक छोटं वाक्य घेतलं. 'मे गुस्ता एल पान.' मला पाव आवडतो. इंग्रजीत 'मी आवडतो पाव' अशा धाटणीनं बोलावं लागतं आणि मुलं तिथं अडखळतात. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच 'मला आवडतो' असतं. आवडणारी वस्तू अनेक असली की क्रियापद बदलतं, तेही आपल्यासारखंच. 'मे गुस्तान लास उवास', मला द्राक्षं आवडतात. गुस्ता-गुस्तान, आवडतं-आवडतात. चौथीच्या मुलांना मी व्याकरणाचा एकही शब्द न वापरता वचन शिकवलं, आणि ते मराठीच्या तासालाही उपयोगी पडलं.

लिंगं त्यांच्यात दोनच. आपल्याकडं तो, ती, ते. तिकडं 'एल' आणि 'ला'. पाव तिकडंही 'तो' आहे. दूध मात्र 'ती' : ला लेचे. मीठही 'ती' : ला साल. "ती दूध" म्हणताना मुलं लोळण घेतात. पण त्यातून त्यांना कळलं की दूध 'ते' आहे हे दुधात लिहिलेलं नसतं. आपल्या भाषेनं ते ठरवलेलं असतं.

शब्द कुठून कुठं गेले

हे शिकवताना मी थोडं वाचन केलं, ते मुलांना गोष्टीसारखं सांगितलं.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं. पाव, बटाटा, अननस, काजू, कोबी हे आपले शब्द त्यांच्याकडून आले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या लेकी, सख्ख्या बहिणी, म्हणून 'पाव' आणि 'पान' जवळचे वाटतात. बटाटा, टोमॅटो, मिरची, मका, भुईमूग, पेरू, पपई ही पिकं मुळात अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 मध्ये तिकडं पोचला, त्यानंतर ती जगभर फिरली. शिवारातल्या कुठल्या पिकाला आपण 'आपलं' म्हणायचं, असा प्रश्न मी फळ्यावर लिहिला. मिरची परकी आहे यावर कुणाचा विश्वास बसेना. "मग आधी ठेचा कशाचा करायचे?" हा प्रश्न मला आजही आवडतो. (मिऱ्याचा तिखटपणा होता, हे सांगितलं.)

उलटा प्रवासही आहे, आणि तो आपल्या भागाशी थेट जोडलेला आहे. स्पॅनिशमध्ये साखरेला 'आसूकार' म्हणतात. आपल्या संस्कृत 'शर्करा' पासून फारसीत शकर, अरबीत सुक्कर, आणि अरबांबरोबर तो शब्द स्पेनला गेला. अरबीत शब्दाआधी 'अल्' लागतो, तो 'अस्-सुक्कर' असा झाला आणि पुढं आसूकार. शब्दाबरोबर ऊसही गेला. कोलंबसानं 1493 च्या दुसऱ्या सफरीत ऊसाची बेणी कॅरिबियन बेटावर नेली. नारिंगाला तिकडं 'नारांहा' म्हणतात, तोही आपल्या 'नारंग' चाच नातेवाईक.

ज्या गावातून माळेगाव आणि भवानीनगरच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या ऊसाच्या गाड्या मुलं रोज बघतात, तिथं हे सांगताना मला फळ्याची गरजच पडली नाही. मुलं खिडकीतून बाहेर बघून म्हणाली, "कान्या दे आसूकार!" म्हणजे साखरेचा ऊस.

एका आईचा प्रश्न

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आईनं मला सरळ विचारलं, "मॅडम, पोराला मराठीचा धडा धड वाचता येईना, आन् तुमी ही कुठली भाषा काढली?"

मला राग आला नाही, कारण प्रश्न बरोबर होता. मूलभूत वाचन आणि गणित येणं हे आधी. म्हणून मी ठरवलं, मराठीच्या आणि गणिताच्या तासातला एक मिनिटही घ्यायचा नाही. दुपारी पोषण आहाराची खिचडी वाढेपर्यंत ओळीत दहा मिनिटं जातात, तेवढीच स्पॅनिश. परीक्षा नाही, वही नाही, गृहपाठ नाही.

पण त्याच मुलाच्या बाबतीत मला एक गोष्ट सापडली. तो धडा घडाघडा म्हणायचा. मी त्याला 'वाचता येतं' या गटात धरलं होतं. एक दिवस फळ्यावर 'तोमाते' लिहिलं, तर त्याला वाचताच येईना. 'तो' वर अडकला. तेव्हा कळलं की धडा त्याला पाठ होता. घरी नवीन पुस्तक समोर आलं की तो अडायचा, आणि आईला ते दिसलं होतं. मला दिसलं नव्हतं. अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येत नाही, अक्षर आणि मात्रा बघूनच वाचावा लागतो. तेव्हापासून मी सेबोया (कांदा), पापाया (पपई), ग्वायाबा (पेरू) असे शब्द देवनागरीत लिहून वाचनाची पातळी तपासते. त्या मुलाला आम्ही पुन्हा काना-मात्रेपासून घेतलं. पुढच्या बैठकीला त्याच्या आईला मी हे सांगितलं. माझी चूक झाली होती हेही सांगितलं.

बाटी

नोव्हेंबरमध्ये कारखाने सुरू झाले आणि नेहमीप्रमाणं फडाजवळ कोप्या पडल्या. ऊसतोड कामगारांची तीन मुलं शिक्षण हमी कार्ड घेऊन आमच्या शाळेत आली. त्यातली एक मुलगी तिसरीची, मराठवाड्यातल्या तांड्यावरची. घरी बंजारा बोली, म्हणजे ते ज्याला गोरमाटी म्हणतात ती. मराठी तिला कळायचं, पण तीन आठवडे ती वर्गात एक शब्द बोलली नाही. हजेरीला हात वर करायची, बस्स. मी माझ्या नोंदवहीत लिहिलं होतं : 'प्रतिसाद कमी, मागे आहे.'

त्याच दिवसांत मी ॲपवर ऐकण्याच्या धड्यावर आले होते. बाई बोलायच्या, मला सगळे शब्द ओळखीचे वाटायचे, अर्थही कळायचा, पण उत्तर द्यायची वेळ आली की तोंडातून काही निघायचं नाही. तोपर्यंत वेळ संपायची आणि लाल खूण यायची. एका रात्री तीच खूण पाचव्यांदा आली तेव्हा मला त्या मुलीचा चेहरा आठवला. मला कुणी नोंदवहीत लिहिलं असतं तर हेच लिहिलं असतं : प्रतिसाद कमी, मागे आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'थाळी' चा खेळ खेळत होतो. व्हरांड्यात खडूनं मोठं वर्तुळ काढायचं, त्यात पदार्थांची चित्रं ठेवायची, आणि ज्याची पाळी येईल त्यानं एक चित्र उचलून त्याचं नाव सांगायचं. भाकरीचं चित्र आलं. मुलांनी विचारलं, भाकरीला काय म्हणतात? मी म्हटलं, स्पेनमध्ये भाकरी नाही. पण मेक्सिकोत तिची चुलत बहीण आहे, 'तोर्तीया'. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, हातानं थापतात, तव्यावर भाजतात. आणि स्पेनमध्ये जाऊन तोर्तीया मागितली तर अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट देतात. एकच भाषा, पण गाव बदललं की ताटातला पदार्थ बदलतो.

मग मी सहज विचारलं, "आपल्यात भाकरीला अजून कोण काय म्हणतं?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "बाटी."

एवढंच. पण सगळ्या वर्गानं ते शब्द म्हणून घेतलं. कुणी हसलं नाही, कारण गेले पाच महिने आम्ही उवा आणि लसणावर हसून घेतलं होतं, वेगळ्या शब्दाची सवय झाली होती. "बाटी," सगळ्यांनी तिच्यामागं म्हटलं. एकानं उच्चार चुकवला तर तिनं त्याला दुरुस्त केलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती कुणालातरी शिकवत होती.

त्या दिवसापासून फळ्यावर तीन रकाने झाले : आमचा शब्द, तिचा शब्द, स्पॅनिश शब्द. दोन शब्द सारखे निघाले की मुलं टाळ्या वाजवायची. रोज दोन शब्द ती सांगायची. जानेवारीत तिनं मला आपणहून विचारलं, "मॅडम, ऊस तोडायला तिकडं पण जातेत का?"

मी शोधून सांगितलं. जातात. साखरेच्या हंगामाला स्पॅनिशमध्ये 'साफ्रा' म्हणतात आणि ऊस तोडायच्या हत्याराला 'माचेते', म्हणजे आपला कोयता. डॉमिनिकन प्रजासत्ताक नावाच्या देशात शेजारच्या हैतीतून माणसं ऊसतोडीला येतात आणि फडाजवळच्या वस्तीत राहतात, तिला 'बातेय' म्हणतात. हैतीच्या लोकांची घरची भाषा वेगळी, क्रेओल, आणि तिथल्या शाळेत शिकवतात स्पॅनिशमधून. हे ऐकून ती म्हणाली, "मग ती पोरं गप बसत असतील."

मला यावर काही बोलता आलं नाही.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि कोप्या उठल्या. जायच्या आदल्या दिवशी तिला काना-मात्रेचे साधे शब्द वाचता येत होते, जोडाक्षरं अजून नाहीत. मोठा चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. हमी कार्डावर मी वाचनाची पातळी लिहिली. नोंदवहीतली ती जुनी ओळ मात्र खोडली आणि खाली लिहिलं : 'बोलते. भाकरीला बाटी म्हणते. इतरांना शिकवते.' तिच्या पुढच्या शाळेतल्या बाईंना हे कळावं म्हणून कार्डाच्या मागंही तेच लिहून दिलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

1. आठवड्याला पाचच शब्द घ्या. ताटात असलेल्या पदार्थांपासून सुरुवात करा. सफरचंद, चीज वगैरे नंतर.
2. शब्द देवनागरीतच लिहा. वाचनाचा सराव आपोआप होतो आणि पाठांतर करणारी मुलं सापडतात.
3. मुलांना आधी हसू द्या. जो शब्द मराठीसारखा वाटतो तो राहतो.
4. स्वतःही शिका आणि वर्गात चुका. मी 'सेबोया' ऐवजी 'सेबोला' म्हणत होते, मुलांनीच मला पकडलं.
5. स्पॅनिश येत नसेल तर काही बिघडत नाही. 2020 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातल्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. भाषा कुठलीही चालेल. पण तिसरा रकाना ठेवा, वर्गातल्या मुलांच्या घरच्या शब्दांचा. पारधी, बंजारा, वडारी, किंवा आपल्याच शेजारच्या तालुक्यातली बोली. नवीन शैक्षणिक धोरण घरच्या भाषेतून शिकवा असं सांगतं. दोन शिक्षकी शाळेत ते सगळं जमणार नाही, पण एक रकाना जमतो.

यंदा पुन्हा नोव्हेंबर येईल, कोप्या पडतील. तीच मुलगी येईल की दुसरी कुणी, माहीत नाही. या वेळी पहिल्याच दिवशी व्हरांड्यात थाळी काढायची आणि भाकरीचं चित्र आधी ठेवायचं, एवढं मी ठरवून ठेवलंय.